नोंद नसलेली दुसरी शस्त्रक्रिया



हृदयशस्त्रक्रियेसंबंधीच्या परिषदेचे अध्यक्षस्थान एखाद्या नामांकित शल्यविशारदाला द्यावयाचे, हा सर्वत्र रूढ असलेला शिरस्ता बाजूस सारून, ज्याने उभ्या आयुष्यात कोणाच्या छातीला सुरीचे टोकही लावले नाही आणि ज्याची सारी चाकरी शस्त्रक्रियागृहातून बर्फाच्या डब्यात घालून आलेल्या रक्ताच्या नळ्या तपासण्यात खर्ची पडली, अशा एका प्रयोगशाळेतील माणसाला आपण यंदा पाचारण केले आहे. यात माझ्याविषयीच्या आपल्या ममत्वाचा भाग किती आणि शल्यविशारदांच्या परस्परांतील चुरशीवर काढलेल्या तोडग्याचा भाग किती, याची चौकशी मी करीत नाही. अध्यक्षाने निवडणुकीच्या दप्तरात डोकावू नये, हेच श्रेयस्कर. मात्र ज्या अर्थी आपण मला बोलाविले, त्या अर्थी मी माझ्या दालनातलेच बोलावे हे ओघाने आले. आणि माझ्या दालनात हृदय येत नाही, रक्त येते. त्या रक्ताने वर्षानुवर्षे सांगितलेली हकीकत अशी की, ज्या वेळी आपण हृदयावर शस्त्रक्रिया करतो त्याच वेळी रुग्णाच्या प्रतिकारसंस्थेवरही एक शस्त्रक्रिया होत असते. पहिलीचा कर्ता, तिची वेळ, तिचे टाके, तिची उपकरणे यांची बारकाईने नोंद होते. दुसरीला कर्ता नसतो, आणि नोंदही नसते.

वास्तविक ही प्रतिकारसंस्था शस्त्रक्रियेच्या दिवशीच प्रथम आपल्या दारात उभी राहते असे नाही. द्विदल झडप आकसून, दम लागून, पायांवर सूज घेऊन आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत येणारे जे तरुण स्त्रीपुरुष आपण पाहतो, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या विकाराचा उगम बालपणी घशाला झालेल्या एका क्षुल्लक संसर्गात असतो. स्ट्रेप्टोकॉकस या जंतूच्या आवरणावरील प्रथिनाचा काही अंश आणि हृदयातील प्रथिनांचा काही अंश यांत सादृश्य असल्यामुळे, जंतूसाठी घडविलेली प्रतिपिंडे आणि टी-पेशी आपल्याच झडपेवर चाल करून जातात, संधिवाताच्या तापाचे एकामागून एक झटके येतात, आणि दहा-वीस वर्षांनी ती झडप कापून टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणजे प्रतिकारसंस्थेने केलेल्या नुकसानीची भरपाई शल्यविशारद करतो, आणि ती भरपाई करताना त्याच प्रतिकारसंस्थेला तो पुन्हा डिवचतो. पेनिसिलिनचे वेळेवर टोचलेले इंजेक्शन यातील पुष्कळसे प्रकरण मुळातच निकालात काढू शकते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. आणि तरीही झडपांच्या शस्त्रक्रियांची प्रतीक्षायादी घटत नाही, याची खंत या व्यासपीठावरून व्यक्त केल्याखेरीज मला पुढे जाववत नाही.

आता हृदय-फुप्फुस यंत्राकडे वळू. जॉन गिबन यांनी दोन दशकांच्या खटपटीनंतर 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फिया येथे एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयाच्या कर्णिकांमधील छिद्र बुजविले, आणि त्या काळात 26 मिनिटे तिचे हृदय व फुप्फुसे यांचा सारा कारभार यंत्राकडे सोपविला, ही कथा प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. त्यानंतरच्या रुग्णांच्या बाबतीत अपयश आल्यामुळे गिबन यांनी हे काम सोडून दिले, हा कथेचा उत्तरार्ध विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितला जातो. पुढच्याच वर्षी मिनियापोलिस येथे वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्राची फुप्फुसे नाकारून जिवंत फुप्फुसे पत्करली: बालकाचे रक्त त्याच्या पित्याच्या किंवा मातेच्या शरीरात सोडावयाचे, तेथे ते शुद्ध व्हावयाचे, आणि परत बालकाकडे यावयाचे. एकाच शस्त्रक्रियेत दोन जीव गमावण्याचा धोका पत्करून त्यांनी अशा 45 शस्त्रक्रिया केल्या आणि 28 मुले घरी गेली. तथापि जनक-जननींचा असा विनियोग फार काळ चालणे शक्य नव्हते. 1955 मध्ये मेयो क्लिनिक येथे जॉन कर्कलिन यांनी गिबन यांच्याच यंत्रात सुधारणा करून ते रुळविले, आणि तेव्हापासून मानवी रक्त परक्या पृष्ठभागावरून वाहू लागले ते आजतागायत वाहत आहे.

या परक्या पृष्ठभागाचे महत्त्व लक्षात येण्यासाठी एवढे ध्यानात घ्यावे की, जन्मापासून रक्ताला स्पर्श ठाऊक असतो तो केवळ रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराचा, जो स्तर स्वतः जिवंत असून रक्त गोठू नये आणि खवळू नये म्हणून अहोरात्र रसायने पाझरीत असतो. रुग्णाला या यंत्रावर, म्हणजे पंपावर, घेतले की मिनिटा-दोन मिनिटांत त्याच्या अंगातले बहुतेक सारे रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून आणि ऑक्सिजनेटरच्या पडद्यावरून एकदा फिरून येते. आणि त्या पडद्याचे क्षेत्रफळ प्रौढ माणसासाठी सुमारे 2 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ त्याच्या सबंध त्वचेएवढे असते. हेपॅरिनमुळे रक्ताची गुठळी होत नाही, परंतु हेपॅरिन रक्ताला परका स्पर्श विसरावयास लावू शकत नाही. जिच्या प्राथमिक शोधाबद्दल ज्यूल बोर्दे यांना 1919 चे नोबेल पारितोषिक मिळाले, ती कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी तत्काळ जागी होते. तिचे तुटलेले तुकडे रक्तभर पसरतात. आणि त्यांच्या आवाहनाने न्यूट्रोफिल जातीच्या श्वेतपेशी, ज्यांचे काम जंतू गिळणे, त्या फुप्फुसांतील केशवाहिन्यांत गर्दी करून राहतात. जंतू तर कोठेच नसतो. चोर चोर अशी हाकाटी ऐकून धावून आलेल्या गावकऱ्यांनी चोर न सापडल्यामुळे घरधन्यालाच बदडावे, तशा या पेशी आपल्या जवळची पाचक द्रव्ये रुग्णाच्याच ऊतींवर ओततात. शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही रुग्णाचे फुप्फुस ओले व्हावे, त्याचा रक्तदाब कारणावाचून ढासळावा, त्याला चार दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागावे, अशा ज्या प्रकाराला जुने लोक ‘पंप लंग’ म्हणून कपाळाला हात लावीत, त्याच्या मुळाशी बव्हंशी हीच घटना होती.

तिचा पुरावा मिळावयास मात्र पंचवीस वर्षे लागली. 1981 मध्ये चेनोवेथ आणि सहकाऱ्यांनी पंपावरील रुग्णांच्या रक्तात कॉम्प्लिमेंटचा सी-3-ए हा तुकडा वाढत जातो असे मोजून दाखविले, आणि सांगावयास संतोष वाटतो की त्या सहकाऱ्यांत पंप रुळविणारे जॉन कर्कलिन स्वतः होते. दोन वर्षांनी त्यांचे चिरंजीव जेम्स कर्कलिन यांनी, पित्याला सहलेखक करून, हा तुकडा जितका अधिक तितकी शस्त्रक्रियेनंतर हृदय, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे बिघडण्याची शक्यता अधिक, असा संबंध प्रस्थापित केला. आपल्या हयातभराच्या कीर्तीचा आधार असलेल्या यंत्राची कैफियत आपणच लिहून काढावी, आणि ती लिहिताना मुलाला हाताशी घ्यावे, असे उदाहरण शास्त्राच्या इतिहासात मला फारसे आढळलेले नाही.

अर्थात दोष केवळ यंत्राचा नव्हे. शेवटी हेपॅरिनचा परिणाम काढून टाकण्यासाठी आपण प्रोटामीन देतो, तेव्हा त्या दोहोंच्या संयोगाने कॉम्प्लिमेंट दुसऱ्या मार्गाने पुनश्च खवळते. काही काळ रक्ताविना ठेवलेल्या हृदयात रक्त पुन्हा खेळू लागले की त्या पुनरागमनानेच इजा होते. आतड्यांचा रक्तपुरवठा मंदावल्यामुळे तेथील जंतूंचे विष रक्तात झिरपते. आणि उरोस्थी उभी चिरणे हा आघात पंप असो वा नसो, आहेच. म्हणूनच, पंप वगळून धडधडत्या हृदयावरच बायपास केली की सारी पीडा टळेल ही आशा, जी एके काळी आपल्या देशात विशेष उत्साहाने जोपासली गेली, ती अंशतःच फळाला आली. 19 देशांतील 4,752 रुग्णांवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉरोनरी’ या चाचणीत 30 दिवसांअखेर मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि मूत्रपिंडे निकामी होणे यांच्या एकत्रित हिशेबात दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या. त्या वादात मी अधिक शिरत नाही; तो शल्यविशारदांचा घरगुती मामला आहे.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते यापुढचे. क्षोभ झाला तर तो शमवावा, हा विचार साहजिकच सुचतो, आणि त्यासाठी स्टेरॉइडसारखे प्रभावी व अल्पमोली औषध हाताशी असता ते का वापरू नये? कित्येक वर्षे ते वापरले गेले. वापरणाऱ्यांची श्रद्धा अढळ होती आणि न वापरणाऱ्यांचीही. अखेर नेदरलँड्समध्ये 4,494 रुग्णांवर डेक्सामेथासोनची, आणि 18 देशांत 7,507 रुग्णांवर मेथिलप्रेडनिसोलोनची चाचणी झाली. पहिलीचा निकाल 2012 मध्ये, दुसरीचा 2015 मध्ये लागला. आणि सरसकट सर्वांना स्टेरॉइड दिल्याने मृत्यू कमी होत नाहीत, असे दोन्हींनी सांगितले. मला यात आश्चर्य वाटले नाही. क्षोभ आणि ग्लानी ही ऋतूंसारखी एकामागून एक येतात, अशी आपली जुनी समजूत होती. परंतु नळ्यांतले रक्त निराळेच सांगते. पंप चालू असतानाच एकीकडे दाह वाढविणारी द्रव्ये वाढत असतात आणि दुसरीकडे त्यांना आवर घालणारे इंटरल्यूकिन-10 हेही वाढत असते. दुसऱ्या दिवशी पाहावे तो रक्तातील टी-पेशींची संख्या घटलेली असते, आणि मोनोसाइट पेशी, ज्यांनी जंतूचा अंश आपल्या अंगावर मिरवून टी-पेशींना दाखवावयाचा, त्यांच्या पृष्ठभागावरील एचएलए-डीआर हे त्या कामाचे साधनच ओसरलेले असते. ते पूर्ववत होण्यास बहुधा आठवडा जातो. म्हणजे ज्या रुग्णाला आपण खवळलेला समजून शांत करावयास निघालो, तो त्याच घटकेला निःशस्त्रही झालेला असतो.

या निःशस्त्र आठवड्याचा अनुभव आपल्या अतिदक्षता विभागातील प्रत्येक परिचारिकेला आहे, भले तिला इंटरल्यूकिनचे नाव ठाऊक नसो. उरोस्थीच्या जखमेतून पाणी येऊ लागते, ताप चढतो, वायरने बांधलेली हाडे खोकताना करकरतात. पुष्कळदा तो स्टॅफिलोकॉकस जंतू बाहेरून आलेला नसतोच, रुग्णाच्याच नाकात तो कित्येक वर्षे निरुपद्रवी नांदत असतो. म्हणून नाकात म्युपिरोसिनचे मलम लावण्याची वहिवाट पडली. मधुमेह्याची रक्तशर्करा चढलेली असली की न्यूट्रोफिल पेशी आळसावतात; म्हणून इन्सुलिनचे ठिबक. आपल्या मुलखात बायपाससाठी येणाऱ्यांत मधुमेह्यांचे प्रमाण किती मोठे आहे, हे या सभागृहाला सांगण्याची आवश्यकता नाही. या दोन्ही उपायांत चमत्कृती नाही, त्यांवर कोणी प्रबंध लिहून पदवी मिळवीत नाही, आणि तरीही प्रतिकारसंस्थेला दाबणाऱ्या वा उचलणाऱ्या महागड्या औषधांपेक्षा त्यांनीच अधिक छात्या वाचविल्या असाव्यात, असे माझे मत आहे.

दाबावे की उचलावे हा प्रश्न अत्यंत निष्ठुर रूपाने उभा राहिला तो हृदयरोपणाच्या वेळी. 3 डिसेंबर 1967 रोजी केप टाउन येथे ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयरोपण केले. रुग्णाच्या फुप्फुसांत छाया दिसू लागल्या तेव्हा शरीर नव्या हृदयाला नाकारीत आहे असा तर्क करून प्रतिकार दाबणारी औषधे वाढविली गेली. वस्तुतः तो न्यूमोनिया होता, आणि अठराव्या दिवशी रुग्ण दगावला. हृदय शेवटपर्यंत उत्तम चालत होते. क्ष-किरणाच्या फिल्मवरील एकाच छायेचे दोन अर्थ, आणि त्यांचे उपचार परस्परांच्या नेमके विरुद्ध! त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, 1968 च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या परळ येथील केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. प्रतिकारसंस्थेला आपले म्हणणे मांडण्यास अवधीच मिळाला नाही. परळच्या त्याच परिसरात हाफकिन संस्था आहे, आणि मला हा शेजार नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. वाल्देमार हाफकिन हे ओडेसा येथे एली मेचनिकोव्ह यांचे शिष्य. आणि मेचनिकोव्ह यांनी 1882 मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात एक काटा टोचून, त्याभोवती भटक्या पेशी गोळा होताना पाहून, पेशींच्या प्रतिकाराचा सिद्धांत मांडला. त्याच गुरूच्या शिष्याने 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. एका संस्थेत प्रतिकार जागविण्याची विद्या वाढली, आणि हाकेच्या अंतरावर सत्तर वर्षांनी, तो निजविण्याची विद्या अजून पुरती हाती नसताना, एका धाडसी शल्यकाराने हृदयरोपण केले. ती विद्या पुढे नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीतून आली. सायक्लोस्पोरिन 1980 पासून स्टॅनफर्ड येथे हृदयरोपणात वापरले गेले, आणि आपल्याकडे 1994 चा अवयवरोपण कायदा झाल्यानंतर त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले.

या साऱ्यापेक्षा माझे मन अलीकडे ज्यात गुंतले आहे तो विषय आकाराने फार लहान आहे. तान्ह्या बालकाची उरोस्थी उघडली की हृदय दिसण्याआधी दिसते ती थायमस ग्रंथी, फिकट गुलाबी, महारोहिणीवर आडवी पसरलेली, त्या वयात हृदयाच्या मानाने चांगलीच मोठी. ती वाटेत येते. म्हणून तिचा बराचसा भाग, कधी सगळीच, काढून टाकण्यात येतो. 1961 पर्यंत ही ग्रंथी कशासाठी आहे हे कोणास ठाऊक नव्हते. त्या वर्षी लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढली आणि त्यांचा प्रतिकार कोसळलेला पाहिला, तेव्हा टी-पेशींची ही पाठशाळा असल्याचे उमगू लागले. मानवी अर्भक जन्मतःच टी-पेशींचा पुरेसा साठा घेऊन येते, त्यामुळे ग्रंथी काढली म्हणून ते उंदराप्रमाणे लगेच कोसळत नाही. आणि ते कोसळत नाही म्हणूनच आपण इतकी वर्षे निर्धास्त राहिलो. परंतु 2009 मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी, ज्यांची थायमस बालपणी हृदयशस्त्रक्रियेत काढली होती अशा विशीतल्या तरुणांच्या टी-पेशी तपासल्या, तेव्हा त्यांच्यापैकी काहींच्या, विशेषतः सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग झालेल्यांच्या, पेशी वृद्धांच्या पेशींसारख्या दिसल्या. प्रौढांचे काय, त्यांची थायमस तर चरबीत विरून गेलेली असते, असे म्हणणाऱ्यांना 2023 मध्ये बॉस्टनहून उत्तर आले: थायमस काढलेल्यांपैकी पाच वर्षांत 8.1 टक्के रुग्ण दगावले, आणि छातीची अन्य शस्त्रक्रिया होऊनही ज्यांची थायमस शाबूत राहिली अशा तुलनीय रुग्णांपैकी 2.8 टक्के; कर्करोगाचे प्रमाणही पहिल्या गटात सुमारे दुप्पट. ही पाहणी म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, आणि कारण व कार्य यांची सांगड तिच्यावरून निर्विवादपणे घालता येणार नाही. पण वाटेत येते म्हणून एखादा अवयव उचलून टाकावयाचा, एवढ्या हलक्या हाताने हा व्यवहार यापुढे चालू नये, इतके तरी तिने खचित सिद्ध केले आहे.

बालकांच्या प्रतिकारसंस्थेचे अपक्वपण हे नेहमीच वैगुण्य असते असेही नाही. 2001 मध्ये टोरांटो येथील लोरी वेस्ट आणि सहकाऱ्यांनी, भिन्न रक्तगटाचे हृदय दहा अर्भकांत रोपण करता येते असे दाखविले, कारण परक्या रक्तगटाविरुद्धची प्रतिपिंडे त्या वयात पुरती तयारच झालेली नसतात. प्रौढात जे तत्क्षणी प्राणघातक ठरेल, ते तान्ह्या बाळात साधते. दाता मिळण्याआधीच हाती असलेला काळ संपून जाणाऱ्या बालकांना या शोधाने केवढा आधार दिला असेल!

आता माझी सूचना. आपल्या शस्त्रक्रियागृहांतील टिपणांत पंपाची मिनिटे असतात, महारोहिणी बंद ठेवल्याची मिनिटे असतात, झडपेचा क्रमांक असतो. थायमस संपूर्ण काढली, अर्धी काढली की ठेवली, याचा उल्लेख बहुधा नसतो. घरी जाताना मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर तर तो कधीच नसतो. वीस वर्षांनी त्या मुलाला वारंवार संसर्ग होऊ लागला तर त्याच्या गावच्या डॉक्टराने हा दाखला कोठून मिळवावा? तीच गोष्ट रक्ताची. शस्त्रक्रियेत चढविलेल्या रक्तातून परकी प्रतिपिंडे येतात आणि ती गोवराच्या लशीला निष्प्रभ करू शकतात. रक्त किंवा लाल पेशी दिल्या असतील तर साधारण 6 महिने, प्लाझ्मा वा प्लेटलेट दिल्या असतील तर 7, ती लस पुढे ढकलावी असा संकेत आहे. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर देतात, आणि हृदयात छिद्र असलेल्या पुष्कळ बालकांची शस्त्रक्रिया नेमकी त्याच सुमारास होते. परिणामी आशा कार्यकर्ती लसीकरणाच्या कार्डाप्रमाणे बाळाला वेळेवर लस देववते, कार्डावर खूण होते, आणि बाळ मात्र असुरक्षित राहते. यात तिचा काडीचाही अपराध नाही, कारण रक्त चढविल्याची तारीख तिला कोणी लेखी कळविलेलीच नसते. गोवराची साथ चालू असेल तेव्हा थांबावे की टोचून पुढे पुन्हा टोचावे, याचा निर्णय बालरोगतज्ज्ञाने घ्यावा. पण तो घेण्यासाठी मुळात माहिती त्याच्या हाती पडली पाहिजे.

थायमसची स्थिती, आणि कोणता रक्तघटक कोणत्या तारखेस दिला, ही दोन कलमे प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर, मराठीत आणि ठळक अक्षरांत छापावीत, असा ठराव मी आज दुपारी विषयनियामक समितीपुढे ठेवीत आहे. त्याचा मसुदा प्रवेशद्वाराजवळच्या मेजावर ठेवला आहे. ज्यांना दुरुस्त्या सुचवावयाच्या असतील त्यांनी भोजनाच्या सुट्टीपूर्वी त्या कार्यवाहांकडे लेखी द्याव्यात.